लाइन फॉलोअर रोबोट (जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागे चालणारा) वर्गात चालतो, पटांगणात पट्टी सोडतो. मोटर सुरू होताच सेन्सरचे आकडेही उड्या मारतात. वायरिंग चुकलं का?

वायरिंग अर्धंच चुकलंय. मोटर सुरू होताच आकडे उड्या मारतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आधी ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची सामाईक वायर, बघा. मोटरची बॅटरी वेगळी असली तरी तिची निगेटिव्ह आणि आर्डुइनोचा (रोबोट चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डाचा) ग्राउंड जोडलेला हवाच. मात्र सेन्सरची ग्राउंड वायर मोटर ड्रायव्हरवरून (मोटरला वीज देणाऱ्या बोर्डावरून) फिरवून आणू नका, थेट आर्डुइनोला न्या. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा.

सेन्सर म्हणून सुटा टीसीआरटी५००० (इन्फ्रारेड एलईडी आणि प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर एकत्र असलेला) असेल तर एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ५ व्होल्टवर साधारण १७ मिलिअँपिअर. फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० किलोओहम ५ व्होल्टकडे, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टरवरूनच आर्डुइनोच्या ए० या अॅनालॉग पिनला वायर. पांढऱ्यावर आकडा खाली, काळ्यावर वर. एलईडी पेटतोय का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका दिसतो.

पटांगणाचा दोष वायरचा नाहीच. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि आपल्या विदर्भातलं ऊन तुम्हाला काय सांगू! ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होतो, काळी पट्टीही पांढरी वाटते. यवतमाळकडच्या आमच्या पोरांनी काळ्या चार्टपेपरची झालर सेन्सरभोवती जमिनीला टेकेल इतकी खाली लावली, सेन्सर जमिनीपासून ३ मिलिमीटरवर आणला, आणि व्हरांड्यात रोबोट पट्टीवर आला. भर उन्हात मात्र नेऊ नका. जागा बदलली की थ्रेशोल्ड, म्हणजे काळं-पांढरं वेगळं करणारा मधला आकडा, पुन्हा मोजा.