बाबांची गाडी देताना

प्रश्न : बाबांची 2012 ची शंभर सीसीची गाडी आहे. ते दोन वर्षांपूर्वी वारले, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. एक्सचेंजमध्ये 14 हजार देतो म्हणतात, फक्त कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्या. नवी 125 सीसीची घेणार आहे. दुधाच्या दोन कॅन, फवारणीचा पंप आणि पावसाळ्यात पांदण, या हिशेबाने तिच्यात काय करून घ्यावं? बाबांनी लोहाराकडून करवून घेतलेला कॅरियर जुन्या गाडीवर आहे. मित्र म्हणतात, आवाजाचा सायलेन्सर लाव.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कोऱ्या फॉर्मवर सही करूच नका. मी 2006 मध्ये माझी गाडी अशीच एका दलालाच्या हवाली केली. तीन वर्षांनी पोलीस दारात. त्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं होतं, आणि कागदावर मालक मीच. ऐन वेचणीच्या दिवसांत कोर्टाच्या तारखा केल्या. नोंद ज्याच्या नावावर, नुकसानभरपाई त्याच्या अंगावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलं आहे.

तुमच्या बाबतीत तर मालकच हयात नाही. आधी यवतमाळच्या आरटीओत फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, तेही घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरून, झेरॉक्स जवळ ठेवून. थोडा वेळ जाईल, जाऊ द्या.

आता नवी गाडी. आपल्या काळ्या मातीत पहिला दगा देतो तो पुढचा मडगार्ड. चिखल आत गच्च बसतो, चाक फिरत नाही, अन् माणूस पांदणीत उकिडवा बसून पऱ्हाटीच्या काडीने तो उकरत राहतो. मडगार्ड पट्ट्या लावून इंचभर वर घ्या. नंतर पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबून पाहा; मडगार्ड वर कुठे टेकला तर पट्टी कमी करा. मागे खोल नक्षीचा टायर टाका, माप कंपनीचंच ठेवा.

जादा लाइट लावायचा तर मूळ वायरिंग कापू देऊ नका. बॅटरीवरून वेगळी वायर, मध्ये फ्यूज आणि रिले. या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या आहेत, वायर छाटली की वॉरंटीवरून वाद होतो.

सायलेन्सर राहू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते बसत नाही, आणि पहाटे दूध घेऊन निघताना झोपलेल्या गावाला त्रास कशाला?

कॅरियर मात्र देऊन टाकू नका. 14 हजारांत त्याचे पैसे कोणी धरलेले नाहीत. काढून घ्या. नव्या गाडीची भोकं जुळणार नाहीत, म्हणून त्याच लोहाराकडून क्लॅम्प करवून घ्या आणि नट-बोल्टने बसवा. चासीला वेल्डिंग अजिबात नको. दोन्ही कॅन सारख्या भरा, अन् मागचे शॉकअप एक खाच कडक करून घ्या.