तडकलेला डॅशबोर्ड आणि खरिपाचे भांडवल

प्रश्न : परभणी जिल्ह्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. माझे मामा नैरोबीत नोकरीला होते. तेथून परतताना त्यांनी आणलेली १९७२ ची उजव्या स्टिअरिंगची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार त्यांच्या निधनानंतर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, मामींनी माझ्या स्वाधीन केली. गाडी चालू आहे, परंतु डॅशबोर्ड जागोजागी तडकला आहे. अमेरिकेतील एका विक्रेत्याकडून नवा डॅशबोर्ड मागवल्यास क्लिअरिंग एजंटच्या हिशेबाने तो ३,०५,००० रुपयांना हातात पडेल आणि बसवण्याचे ४०,००० वेगळे लागतील. छत्रपती संभाजीनगरातील एक कारागीर जुनाच डॅशबोर्ड दुरुस्त करून, रेक्झिनने मढवून, काढण्याबसवण्यासह ७२,००० रुपये सांगतो. वरून चिकटवायचे प्लॅस्टिकचे कव्हर १८,००० ला मिळते. माझी चार लाखांची मुदत ठेव सप्टेंबरात पूर्ण होते. परदेशी विक्रेत्याची सवलत मात्र या महिन्याअखेर संपते. ठेव मोडावी का? बिल दुकानाच्या नावाने घेतल्यास जी.एस.टी. परत मिळेल का? नव्या डॅशबोर्डमुळे गाडीची किंमत पाच-सहा लाखांनी वाढेल, असे एक जाणकार म्हणतात. ते खरे धरावे का?

उत्तर : आपल्या पत्रात डॅशबोर्डचे तिन्ही भाव व्यवस्थित मांडलेले आहेत, परंतु मला अधिक महत्त्वाची वाटली ती पत्रासोबत जोडलेली आर.सी. बुकाची प्रत. त्यावर आजही मामांचेच नाव आहे. मामांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि त्यांच्या पश्चात मामी व एक विवाहित मामेबहीण आहेत, असे आपणच लिहिता. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसलेल्या पुरुषाची संपत्ती प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्या वर्गात पत्नी आणि मुलगी येतात, भाचा येत नाही. मामींनी किल्ली हातात दिली, कोणी हरकत घेतली नाही, घरात सर्वांना गाडी आपलीच वाटते, हे सर्व मान्य केले तरी कायद्याच्या दृष्टीने ही गाडी आज त्या दोघींची आहे आणि आपण साडेतीन लाख रुपये दुसऱ्याच्या वस्तूवर खर्च करण्याचा विचार करीत आहात.

यात संशय घेण्यासारखे काही नाही, आणि मामींना तसे जाणवूही देऊ नये. त्यांच्याकडे एकदा निवांत जाऊन, मामेबहिणीलाही बोलावून घेऊन, गाडी प्रथम मामींच्या नावावर करून घ्यावी व नंतर त्यांच्याकडून रीतसर आपल्या नावावर हस्तांतरित करावी. पहिल्या टप्प्यासाठी आर.टी.ओ.कडे नमुना ३१ भरावा लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांबाबतची कागदपत्रे आणि मामेबहिणीचे ना-हरकत पत्र द्यावे लागेल. नियमाप्रमाणे हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करावयाचा असतो. दोन वर्षे लोटली असल्याने थोडा दंड आणि काही हेलपाटे गृहीत धरावेत. भेट म्हणून मिळालेल्या गाडीवर आपल्याला प्राप्तिकर लागत नाही, तेव्हा त्या कारणासाठी खोटी खरेदी दाखवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये.

विम्याचेही तसेच आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वाहनाची पॉलिसी फार तर तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच, वारसांच्या उपयोगी पडते. त्यानंतर जुन्या नावाने हप्ता भरत राहिल्याने पावती मिळते, पण दाव्याच्या वेळी कंपनी पहिला प्रश्न मालकीचाच विचारते. आपण गेल्या वर्षी मामांच्याच नावाने नूतनीकरण केल्याचे लिहिले आहे. या गाडीत मला दिसणारा सर्वांत मोठा आर्थिक धोका डॅशबोर्डच्या भेगांत नसून त्या पावतीत आहे. नाव बदलले की कंपनीशी गाडीच्या विमामूल्याबाबत बोलावे, कारण पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य तक्त्यावरून ठरत नाही, ते कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. त्यासाठी मूल्यांकन अहवाल आणि फोटो तयार ठेवावेत. डॅशबोर्डचा खर्च विम्यातून निघेल ही आशा मात्र सोडून द्यावी. वयोमानाने गेलेले तडे ही झीज समजली जाते, आणि अपघातात तो फुटला असता तरी नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते.

आता पैशाचा प्रश्न. आपण चार लाखांच्या ठेवीकडे मोकळी रक्कम म्हणून पाहत आहात, आणि मुदतपूर्व मोडल्यास व्याजात किती तूट येईल एवढाच हिशेब केला आहे. तो हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. आपला धंदा बियाणे, खते आणि औषधांचा आहे. मे महिन्यात माल भरावा लागतो, जूनमध्ये तो उधारीवर जातो आणि सोयाबीन बाजारात आल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, पैसा परत येऊ लागतो. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्याखाली गेली, आणि आपल्या खतावणीत आज दिसणाऱ्या १४ लाखांच्या उधारीपैकी बराच भाग त्याच हंगामाचा आहे. जे शेतकरी त्या वर्षी देऊ शकले नाहीत, ते या खरिपात आधी नवे बियाणे मागतील आणि जुन्या बाकीचे नंतर बोलतील. आपण त्यांना नाही म्हणणार नाही, कारण म्हटले तर गिऱ्हाईक कायमचे शेजारच्या दुकानात जाते.

म्हणजेच ठेव मोडून ३,०५,००० रुपये अमेरिकेला पाठवले, तर मे महिन्यात तेवढीच रक्कम सी.सी. (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचल-कर्जाच्या) खात्यातून जास्तीची उचलावी लागेल. आपला सी.सी.चा दर ११.५ टक्के आहे. मे ते नोव्हेंबर असे सात महिने धरले तर त्या रकमेवरचे व्याज सुमारे साडेवीस हजार होते, आणि बियाणे कंपन्यांच्या आगाऊ बुकिंगवरील सूट हुकली तर तिचे नुकसान त्याखेरीज. पावसाने ताण दिला किंवा गेल्या वर्षीसारखी अतिवृष्टी झाली, तर हे सात महिने लांबत जातात आणि सी.सी.च्या मर्यादेत जागा उरत नाही. परदेशी विक्रेता देत असलेली सवलत आपण लिहिल्याप्रमाणे सुमारे बारा हजारांची आहे. बारा हजार वाचवण्यासाठी वीस हजारांचे व्याज अंगावर घेण्यात अर्थ नाही, म्हणून महिनाअखेरची तारीख विसरून जावी. ठेव सप्टेंबरपर्यंत जशीच्या तशी राहू द्यावी. हंगामात फारच ओढ बसली तर तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट मिळतो आणि त्याचा दर सहसा ठेवीच्या दराहून एखाद-दोन टक्क्यांनीच जास्त असतो. ती सोय दुकानासाठी राखून ठेवावी, गाडीसाठी नाही.

तिन्ही पर्यायांपैकी आयातीचा पर्याय आपल्याला सर्वाधिक मोहात पाडतो आहे, म्हणून त्याचे थोडे विस्ताराने लिहितो. तीन लाख पाच हजारांत वस्तूची किंमत साधारण निम्मीच आहे, हे आपण एजंटच्या कागदावर पाहिलेच असेल. डॅशबोर्ड वजनाला हलका असतो, पण तो अखंड पाठवावा लागतो. आपण दिलेली खोक्याची मापे १४० गुणिले ५० गुणिले ४५ सेंटिमीटर अशी आहेत. कुरिअर कंपन्या आंतरराष्ट्रीय पार्सलचे घनफळ ५००० ने भागून वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांपैकी जे जास्त त्यावर भाडे आकारतात. येथे ते ६३ किलो भरते. म्हणजे आपण मुख्यतः खोक्यातील हवेचे भाडे भरणार आहात, आणि सीमाशुल्क हे वस्तूची किंमत, भाडे व विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागत असल्याने त्या हवेवर करही भरणार आहात. पैसे क्रेडिट कार्डाने दिल्यास परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावरचा जी.एस.टी. वेगळा. एजंटच्या अंदाजपत्रकात तो धरलेला नाही.

याहून गंभीर बाब स्टिअरिंगची आहे. २४०झेड बहुतांशी अमेरिकेत विकली गेली, त्यामुळे तिचे नव्याने तयार होणारे सुटे भागही प्रामुख्याने डाव्या स्टिअरिंगचे असतात. केनियात गेलेली आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे. वेगमापक आणि आर.पी.एम.चे (इंजिनाची गती दाखवणारे) घड्याळ यांची दोन मोठी खोबणी चालकासमोर असतात, त्यामुळे डाव्या स्टिअरिंगचा डॅशबोर्ड आपल्या गाडीत कापून-जोडूनही बसणार नाही. आपल्याला आलेल्या कोटेशनमध्ये ‘२४०झेड, १९७०–७३’ एवढेच लिहिले आहे, स्टिअरिंगची बाजू कोठेही नाही. तशी लेखी खात्री न घेता पैसे पाठवले आणि चुकीचा भाग आला, तर तो परत पाठवण्याचे भाडे पुन्हा त्याच ६३ किलोंवर लागेल आणि भरलेले शुल्क परत मिळवण्यासाठी निराळी खटपट करावी लागेल.

अठरा हजारांचे कव्हर आपण घेऊ नये असे मी सांगेन. ते सिलिकॉनने कायमचे चिकटवले जाते, पुढे काढताना खालची मूळ कातडी सोलून निघते आणि त्यानंतर दुरुस्तीचा मार्गही बंद होतो. शिवाय त्यालाही उजव्या-डाव्याचा प्रश्न आहेच.

उरतो संभाजीनगरचा कारागीर, आणि माझा कौल त्याच्या बाजूने आहे. या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे आतला सांगाडा, त्यावर फोम आणि त्यावर साच्यात ओढून बसवलेली पी.व्ही.सी.ची कातडी. कातडीला मऊ ठेवणारी द्रव्ये वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उडून जातात. समोरच्या काचेच्या आतून जो तेलकट धुरकट थर पुसावा लागतो, त्यात त्यांचाही अंश असतो. पुढे कातडी आकसते, फोम कडक होतो आणि जेथे वळण तीव्र तेथे तडा जातो. हे तडे कापून रुंद करणे, लवचीक फिलरने भरणे, घासून समतल करणे आणि वरून नवे रेक्झिन ताणून बसवणे, हे काम चांगला कुशनवाला करू शकतो. खरी परीक्षा घड्याळांवरील गोल छपऱ्यांची असते, तेथे रेक्झिनला सुरकुती पडते किंवा शिवण घ्यावी लागते. म्हणून सौदा करण्यापूर्वी त्याने अशाच गोलाईवर केलेले जुने काम, शक्यतो एक-दोन उन्हाळे काढलेले, प्रत्यक्ष पाहावे. मूळ कातडीवरची जाळी हुबेहूब येणार नाही, हेही मनाशी स्वीकारावे.

त्याच्या ७२,००० मध्ये काढणे-बसवणे आहे असे तो म्हणतो, पण जुन्या वायरिंगची जबाबदारी कोणाची हे त्याने लिहिलेले नाही. पन्नास वर्षांच्या वायरींचे प्लॅस्टिक कडकलेले असते आणि डॅशबोर्ड ओढताना दोन-चार तुटतातच. त्यासाठी वायरमनचे वेगळे १५,००० धरून एकूण ९०,००० पर्यंतची तयारी ठेवावी. एक तृतीयांश आगाऊ, एक तृतीयांश कातडी बसल्यावर आणि उरलेले सर्व घड्याळे चालू झाल्यावर, अशी वाटणी कागदावर घ्यावी.

हे काम डिसेंबरात करावे. तोपर्यंत नाव बदललेले असेल, उधारीचा निम्मा तरी पैसा आलेला असेल आणि ठेवही पूर्ण झालेली असेल. आपण लिहिता की गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते आणि दुपारनंतर पश्चिमेचे ऊन थेट समोरच्या काचेवर येते. परभणीच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या दिवशी, उन्हात बंद असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जातो. तेथे तीन लाखांचा नवा डॅशबोर्डही फार वर्षे टिकणार नाही. तेव्हा या उन्हाळ्यात खर्च करायचाच असेल तर गाडीचे तोंड पूर्वेला फिरवणे, पश्चिमेला बांबूची ताटी बांधणे, सुती कव्हर आणि काचेमागे चकचकीत पडदा एवढाच करावा. पाच हजारांत भागेल.

जाणकारांच्या पाच-सहा लाखांच्या भाकिताबाबत मी सहमत नाही. अशा गाडीचा भारतातील खरेदीदार प्रथम कागदपत्रे पाहतो, नंतर बॅटरीखालचा पत्रा, तळ आणि चासीच्या पट्ट्या यांवरचा गंज पाहतो. ही गाडी गंजासाठी प्रसिद्ध आहे, आणि ती जहाजाने आलेली आहे. डॅशबोर्ड त्यानंतर येतो, आणि मोठ्या रकमेचे ग्राहक मोजकेच असल्याने भाव ज्याच्या त्याच्या हौसेवर ठरतो. मामांना नैरोबीत हीच गाडी का आवडली असावी हे समजण्यासारखे आहे : १९७१ आणि १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली याच मॉडेलने जिंकली आणि १९७३ चा विजेता चालक शेखर मेहता भारतीय वंशाचा होता. परंतु त्या लौकिकाचे पैसे आपल्या डॅशबोर्डला मिळत नाहीत. हा खर्च हौसेचा आहे असे खतावणीत स्वच्छ लिहावे. हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नये. पुढेमागे गाडी विकलीच, तर वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून नफ्यावर कर लागत नाही आणि तोटाही दाखवता येत नाही.

व्हिंटेज नोंदणीविषयी आपण ओझरते विचारले आहे. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ती मिळू शकते, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. डॅशबोर्ड मढवल्याने त्यात अडचण येऊ नये, कारण नियमाचा कटाक्ष चासी, बॉडी आणि इंजिन यांतील मोठ्या बदलांवर आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. आपल्याला दर रविवारी मामींना भेटायला अंबाजोगाईला याच गाडीने जायचे असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवावी.

शेवटचा प्रश्न जी.एस.टी.चा. बिल दुकानाच्या नावाने घेऊ नये. वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूवरील कराची वजावट कायद्याने नाकारलेली आहे. खत-बियाण्यांच्या दुकानाच्या विवरणपत्रात स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड दिसला तर अधिकारी तेवढ्यावर थांबणार नाही, इतर बिलेही काढायला लावील, आणि ते नेमके खरिपाच्या तोंडावर होईल.