‘कागद कुठे आहेत?’ हे नवऱ्याला विचारायचं कसं

“यांना विचारलं की म्हणतात, माझ्या मरणावर टपलीस का?”

पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. शेजारचे गृहस्थ अचानक गेले, आणि लॉकर कोणत्या बँकेत आहे हेही त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून यांचं लक्ष कपाटातल्या कुलूपबंद खणाकडे.

असे नवरे संशयी असतात असं मला वाटत नाही. त्यांना घरात अभद्र विषय नको असतो. शिवाय खणात पसारा असतो. तो दाखवायची लाज वाटते, पण हे कुणी कबूल करत नाही.

मी म्हटलं, त्यांचे कागद मागू नका, आधी तुमचे द्या. बाईंनी एका फुलस्केपवर स्वतःची एफडी, पीपीएफ, विमा, शाखा, पावती कुठे आहे आणि नॉमिनी कोण एवढंच लिहिलं. पिन, पासवर्ड मुद्दाम नाही. “मला काही झालं तर तुमची धावपळ नको,” म्हणून कागद हातात दिला.

मिस्टरांनी लगेच चूक काढली: एफडी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या! (चुका काढायला मिळाल्या की पुरुष उत्साहाने कामाला लागतात.) पुढच्या रविवारी खण उघडला. त्यांच्या स्वतःच्या एफडीवर नॉमिनी होत्या त्यांच्या दिवंगत आई. आईंचं एक जुनं पासबुकही निघालं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांना ती बँकेमार्फत मागता येते. अशा खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्याच ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो.

“नॉमिनी मीच, म्हणजे पैसे माझेच ना?” बाईंनी विचारलं. तसं नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणीची सक्ती नाही.

मृत्युपत्राचं घोडं मात्र अडलंय. “दिवाळी होऊ दे,” म्हणतात मिस्टर. बाईंना सांगितलंय, त्यांच्या मागे लागू नका. तुमचं लिहा, आणि साक्षीदार कोण घ्यावेत ते त्यांनाच विचारा.