‘मॅकबेथ’ वाचणाऱ्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरची तुझी वही पाहिली. रूपकांना पिवळा रंग, उपमांना हिरवा, प्रतिमांना गुलाबी. आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात, ‘सर, सगळं सापडलं, पण नाटक काही लागत नाही.’ त्या ओळीसाठी हे पत्र.

कोण बोलतंय? कुणासमोर? त्या घडीला त्याला काय ठाऊक आहे? एवढं विचारल्याशिवाय अलंकाराचं नाव घ्यायचं नाही.

कपड्यांचंच घे. कॉडॉरचा थेन, म्हणजे तिथला सरदार, जिवंत असताना त्याची पदवी देऊन मला ही उसनी वस्त्रं का चढवता, असं मॅकबेथ पहिल्या अंकात विचारतो. तो खरोखर बिचकलाय. थोड्याच वेळात तो विचारात हरवतो, तेव्हा बँको त्याची बाजू सावरतो: नवे मान नव्या कपड्यांसारखे, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाहीत. मॅकबेथनं डंकन राजाचा खून केल्यानंतर मॅकडफ त्याच्या राज्याभिषेकाला स्कोनला न जाता आपल्या घरी फाइफला निघतो आणि जाता जाता म्हणतो, जुनी वस्त्रंच बरी होती असं म्हणायची वेळ न येवो. पाचव्या अंकात, चाल करून आलेल्या सैन्यातला अँगस म्हणतो, राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी या मॅकबेथची पदवी. तू चारही ठिकाणी ‘वस्त्रप्रतिमा’ लिहून मोकळी झालीस! अगं, एक भांबावलेला, एक मित्र, एक सावध झालेला सरदार, एक शत्रू. कोण बोलतंय ते बघ ना.

डंकनची ओळ तर तू रंगवलीच नाहीस. चेहऱ्यावरून मन वाचायची विद्या नाही, असं तो राजद्रोहासाठी देहदंड झालेल्या कॉडॉरबद्दल म्हणतो, आणि त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. त्या ओळीत रंगवण्याजोगं काही नाही, पण अंगावर काटा येतो.

हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं 1623 साली, शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी. तोवर प्रेक्षकांपुढे पान नव्हतंच. समोर कुणीतरी बोलत होतं, बस्स.

माझा पोर्शन कधी पुरा होत नसे. एकाच प्रवेशात आठवडा घालवतो म्हणून वरपर्यंत तक्रारी गेल्या. पोरांनी गाइडं आणली, मार्कही बरे पडले. मागं वळून पाहताना त्या पोरांपाशी मी आणखी थोडा बसायला हवा होतो, असं वाटतं. पण पद्धत चुकली असं कुणी माझ्याकडून वदवून घेऊ शकणार नाही. घाईनं शिकवलं असतं, तर माझ्याही हाती तुझ्यासारखी रंगीत पानंच उरली असती.

रागावू नकोस. पेन्सिलीतली ती ओळ लिहायला धीर लागतो, म्हणूनच एवढं बोलतोय.

हात धुण्याचा प्रवेश पुन्हा वाच, मोठ्यानं. सगळ्या समुद्रानं हे रक्त धुऊन निघेल का, असं मॅकबेथ एकटा असताना विचारतो. बायको परत येते आणि म्हणते, थोडंसं पाणी पुरे. त्याचं बोलणं तिनं ऐकलेलं नाही. पुढे झोपेत चालताना अरबस्तानातली सगळी अत्तरंही तिच्या एवढ्याशा हाताला पुरत नाहीत. ऐकायला एक वैद्य आणि एक दासी, आणि तिची पद्याची लय गेलेली. ती गद्यात बोलते.

रविवारी ये. येताना दारपालाचा भाग वाचून ये. दार ठोठावलं जातंय, नवरा-बायको आत हात धुताहेत, आणि हा दारुडा स्वतःला नरकाचा दारपाल म्हणवून विनोद करतोय. मंचावर दुसरं कुणी नाही. मग तो कुणासमोर बोलतोय?