गाडी नाही, सोबत आई, आणि तळ्याकाठी राहायचंय: ठाण्यात पाच दिवस कसे काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून चौघं येणार. तुम्ही, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी ६८ वर्षांची आई. नोव्हेंबरच्या शेवटी ठाण्यात नात्यातलं लग्न आहे आणि त्यानंतर पाच दिवस मोकळे. मुलीला रोज पाणी दिसेल अशा ठिकाणी राहायचंय आणि अधूनमधून एखादी दिवसभराची सहलही हवी. गाडी भाड्याने घ्यावी का, असं विचारलंय.

नका घेऊ. मी नौपाड्यात बावीस वर्षं राहते. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती, आणि सासर-माहेरचे मिळून निदान तीस पाहुणे तरी मी फिरवून आणलेत. भाड्याच्या गाडीचा निम्मा वेळ घोडबंदर रोडवर नाहीतर पार्किंग शोधण्यात जातो, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईला विचारायची वेळ येते, "उतरायचं का इथेच?"

माझा हिशोब साधा आहे. सहल निवडताना किलोमीटर बघायचे नाहीत, वाहन किती वेळा बदलावं लागतं ते मोजायचं. म्हातारं माणूस आणि लहान पोर बरोबर असेल तर दोनदा बदललेलं चालतं, तिसऱ्यांदा कुरकुर सुरू होते, चौथ्यांदा नवरा-बायकोचं भांडण.

हे मला भंडारदऱ्याने शिकवलं. आत्या आणि काका आले होते. धरणाचं पाणी दाखवू म्हणून सकाळी कसारा लोकल पकडली. कसाऱ्याहून जीपने घोटी, घोटीहून एसटीने शेंडी, मग पायी. पोचायला दुपारचे अडीच वाजले. पाणी बघितलं जेमतेम चाळीस मिनिटं. परतीच्या गाडीची वेळ मीच चुकीची लिहून आणली होती. शेवटी टोमॅटोच्या पिकअपने घोटी गाठली, काका पुढे चालकाशेजारी, आम्ही दोघी मागे क्रेटवर. घरी पोचायला रात्रीचा एक. भंडारदरा सुंदरच आहे, पण तिथे दोन रात्री राहायचं असतं. ठाण्याहून जाऊन-येऊन करायचं ते ठिकाण नव्हे.

आता राहायचं कुठे. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. शिलाहार राजांच्या काळापासून इथे तळी खोदली गेली. एकेकाळी साठाच्या वर होती म्हणतात, आता पस्तिसेक उरलीत. नेटवर शोधलंत की येऊर आणि उपवनच्या बाजूचे बंगले दिसतील, झाडी वगैरे. फोटो छान असतात, पण गाडी नसलेल्यांनी तिकडे मुक्काम करू नये. संध्याकाळनंतर रिक्षावाले वर यायला तयार नसतात, आणि आईला रात्री डॉक्टर लागला तर काय करणार?

तुम्ही तलावपाळीजवळ राहा. म्हणजे मासुंदा तलाव. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रमतगमत दहा-बारा मिनिटं. आसपास लहान-मोठी लॉज आणि हॉटेलं आहेत. खोली ठरवताना दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि खोली मागच्या अंगाला मिळेल का. जांभळी नाक्याचा बाजार शेजारीच आहे, सकाळी भाजीचे टेम्पो आले की पुढच्या खोलीत झोप लागत नाही. आणि ‘लेक व्ह्यू’ या शब्दाला भुलू नका. माझ्या नणंदेने जादा पैसे मोजून एकदा तशी खोली घेतली होती. तळं दिसायचं, पण बाथरूमच्या खिडकीतून, तेही बादली पालथी घालून वर उभं राहिलं तर.

तलावपाळीची मजा काठावर आहे. नौका भाड्याने मिळतात, पायाने चालवायच्या आणि मोटारीच्याही, मुलगी तिथेच खूश होईल. काठावरच गडकरी रंगायतन आहे. प्रयोगांच्या जाहिराती बघून ठेवा, एखाद्या संध्याकाळचं नाटक जमलं तर आईला तीन तास खुर्चीत बसून विश्रांती. पलीकडे कोपिनेश्वराचं देऊळ. गाभाऱ्यातलं शिवलिंग एवढं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा थबकतोच. काठाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज काळापासूनचं चर्चही आहे, आणि थोडं पुढे गेलात तर मध्यवर्ती कारागृह. ते मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, इंग्रजांनी पुढे त्याचा तुरुंग केला. आत जाता येत नाही, भिंत बाहेरून दिसते. मुलीला गोष्ट सांगायला तेवढी पुरे.

पाच दिवसांत एक रविवार येणारच. त्या दिवशी शहर सोडू नका. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, कधी मुख्य मार्गावर, कधी ट्रान्सहार्बरवर (ठाणे-नवी मुंबई मार्गावर), शिवाय सगळी मुंबई त्याच दिवशी फिरायला निघते. रविवारी सकाळी सहाला उठून कचराळी तलावावर जा. नाव कसंही असलं तरी जागा स्वच्छ आहे. महापालिका मुख्यालयाजवळ पाचपाखाडीत. भोवती सपाट वाट, बसायला बाकं, आजी-आजोबांचे घोळके. तुमच्या आईंना तासाभरात दोन मैत्रिणी मिळतील, लिहून देते. संध्याकाळी उपवन. सॅटीसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या त्या उंच पुलावरून, टीएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस मिळते. मागे येऊरचे डोंगर, पुढे पाणी, सूर्य डोंगराआड लवकर जातो म्हणून पाचच्या आधी पोचा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे खरेच आहेत. अंधार पडायच्या आत खाली.

आता सहली. एकच करायची झाली तर माथेरान करा.

कारण सांगते. माथेरानमध्ये मोटारगाडीला बंदीच आहे. दस्तुरी नाक्यावर सगळ्यांच्या गाड्या अडतात, पंधरा लाखाची असो की पन्नास लाखाची, पुढे मालक आणि तुम्ही एकाच लाल मातीतून चालता. गाडी नसल्याचं दुःख जिथे होतच नाही अशी जागा महाराष्ट्रात दुसरी मला तरी माहीत नाही. वर तळंही आहे, शार्लट लेक, शेजारी पिसारनाथाचं देऊळ. शिवाय माथेरान ठाणेकरांचंच म्हणायचं, १८५० मध्ये ते प्रकाशात आणलं ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेटने.

जायचं असं. ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरायचं, सव्वा तासाच्या आसपास. इंडिकेटरवर कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’ लिहिलेलं असतं, ते बघूनच चढा. कल्याणला फाटा फुटतो, आणि चुकून एनमध्ये बसलात तर नेरळऐवजी टिटवाळा बघून याल. (तसं टिटवाळाही वाईट नाही, त्याबद्दल पुढे.) बदलापूर लोकलही चालत नाही, नेरळ त्याच्या पुढे आहे.

नेरळहून दोन वाटा. एक, मिनी ट्रेन. ही १९०७ पासूनची दोन फुटी रुळांची गाडी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, नोव्हेंबरच्या शेवटी बहुधा सुरू झालेली असेल, तरी निघण्याआधी खात्री करा. जागा थोड्या, फेऱ्या थोड्या, रांग लांब. तुमच्यासाठी दुसरी वाट बरी: नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरी. शेअरने जाऊ नका, चौघांत अख्खी गाडी घ्या, आईंना पुढे बसवा. दस्तुरीहून अमन लॉज स्टेशन थोडंसंच चालायचं, आणि तिथून माथेरानपर्यंत शटल. मुलीचा आगगाडीचा हट्टही पुरतो आणि आईचे गुडघेही वाचतात. ई-रिक्षा सुरू झाल्यात, पण थोड्या आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. घोडा करायचाच असेल तर दरफलक कुठे आहे ते आधी विचारा, मग घोड्याकडे बघा. आधी घोड्याकडे बघितलंत की भाव वाढतो.

शार्लट लेक बाजारापासून दोनेक किलोमीटर आहे. आईंना जमणार नसेल तर त्यांना बाजारातच चहा-चिक्कीपाशी बसवा, कोणीतरी एकाने सोबत थांबा. लेकमध्ये उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. माकडांपासून पिशवी सांभाळा, आणि पांढरे मोजे अजिबात नको, ती लाल माती धुतली तरी जात नाही. साडेतीनला परतीला लागा.

माझा जुना नियम: सकाळी कर्जत-कसाऱ्याकडे जायचं आणि संध्याकाळी मुंबईच्या दिशेला परतायचं. नोकरदारांची गर्दी दोन्ही वेळा नेमकी उलट दिशेला असते, म्हणून बसायला जागा मिळते. याच कारणाने सकाळी आठ-नऊला दादर-सीएसटीकडे जायचा बेत आईंना घेऊन करू नका. ते धाडस नव्हे, छळ आहे.

दुसरी सहल टिटवाळा. एकच लोकल, मग रिक्षा, संपलं. गणपतीचं देऊळ तळ्याकाठी आहे, शकुंतलेची आणि कण्वऋषींची गोष्ट त्याच्याशी जोडलेली. मंगळवार आणि संकष्टी सोडून जा. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला ठाण्यात परत. दगडी कोरीव काम आवडत असेल तर अर्धा दिवस अंबरनाथला द्या. स्टेशनच्या पूर्वेला रिक्षाने दहा मिनिटांवर १०६० सालचं शिवमंदिर आहे, शिलाहारांचंच. ज्यांच्या काळापासून ठाण्यात तळी खोदली गेली, त्यांचंच हे देऊळ. तिथे पाणी मात्र मनासारखं दिसणार नाही, मुलगी कंटाळेल.

तिसरी सहल नवी मुंबई. ठाण्याहूनच ट्रान्सहार्बर सुटते, ९ आणि १० नंबर फलाटावरून. सुरुवातीचं स्टेशन असल्याने बसायला मिळतं. ऐरोलीला उतरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिथून खाडीत बोटीने रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण खरं सांगते, नोव्हेंबरात ते नुकतेच यायला लागलेले असतात. गुलाबी थवे बघायचे तर जानेवारी ते एप्रिल. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. बोट नाही मिळाली तर नेरुळला जा. ज्वेल ऑफ नवी मुंबई नावाची पाण्याभोवतीची मोठी बाग आहे, सपाट वाट. तिथून वेळ उरला तर नेरुळहून उरणची लोकल पकडायची. हा मार्ग उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, दोन्ही बाजूंना खाजण आणि पाणी. मुलीला खिडकी द्या. उरणला उतरून काही न करता परत आलात तरी चालेल, आम्ही एकदा तेच केलं.

लोणावळा, पवना याबद्दल विचारलंय. लोणावळ्याला ठाण्याहून सकाळच्या पुण्याच्या एक्स्प्रेस आहेत, पण तळं बघायला म्हणून जाल तर पुढे रिक्षांचे भाव ऐकून परत फिराल. पवना धरणाकाठचे तंबू गाडीवाल्यांसाठी आहेत, वाहनबदल चारच्या वर जातात. आणि पुढे कधी पावसाळ्यात आलात तर भुशी धरणाकडे मुलीला घेऊन मुळीच नको. ३० जून २०२४ ला त्याच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढतं.

तिकिटांचं सांगते. परतीचं तिकीट जातानाच काढा, संध्याकाळच्या रांगा नकोत. बरंच फिरणार असाल तर उपनगरी गाड्यांसाठी १, ३ आणि ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, खिडकीवर ‘टूरिस्ट तिकीट’ म्हणून मागा. एसटीने कुठे गेलात तर बायकांना अर्धं तिकीट आहेच, आईंना ६५च्या वर म्हणूनही अर्धं, आधारकार्ड जवळ ठेवा. लागोपाठ दोन दिवस बाहेरची सहल करू नका, मधला दिवस तलावपाळीवर. आईंना त्या मधल्या दिवसाचीच जास्त आठवण राहील असं मला वाटतं, पण हे तुम्ही त्यांनाच विचारा.

लातूर एक्स्प्रेसने येताय तर ठाण्यालाच उतरा, सीएसटीपर्यंत जाऊन परत येऊ नका. पहिल्यांदा येताना मुलीला स्टेशनवर सांगा, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती इथेच येऊन थांबली होती. सामान खोलीवर टाकून मामलेदार मिसळीला जा, चालत जाण्याइतकी जवळ आहे. लातूरचं तिखट खाऊन आलोय म्हणून पहिल्याच दिवशी ‘तिखट’ मागवू नका. सगळ्यांसाठी मध्यम सांगा, आईंसाठी कमी तिखट, आणि मुलीसाठी जवळच्या गजाननचा वडापाव. सोबतची पिवळी बेसनाची चटणी मागून घ्यायला विसरू नका.