विठोबा सगळ्यांचा, पण ते चित्र तुमचं

प्रश्न : मी साताऱ्यात राहते, टॅब्लेटवर चित्रं काढते. २०२२च्या आषाढीला विठ्ठलाचं एक रेखाचित्र काढून इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. यंदा तेच चित्र एका शॉपिंग साइटवर टी-शर्टवर विकायला आलंय, माझी सही पुसून. विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणाला, 'विठोबा काय तुमच्या मालकीचा आहे? गुगलवर मिळालं, घेतलं.' मी त्याच्या दुकानाचा फोटो 'चोर' असं लिहून टाकला. आता तो पाच हजार रुपये देतो म्हणतोय आणि सहीसाठी एक कागद पाठवलाय. पोलीस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण आहे. चित्राची नोंदणी केलेली नाही. घरचे म्हणतात, पैसे घे आणि विषय सोड. काय करू?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. पैसेही घेऊ नका. त्याने परस्पर यूपीआयने पाठवलेच तर त्याच दिवशी परत करा.

कागदाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. वर 'समझोता' असं लिहिलंय, पण चौथ्या ओळीत 'सदर चित्राचे सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी' असे शब्द आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायला सही केलेला लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमच्याकडे आलेल्या कागदात या दोन्ही जागा आधीच भरलेल्या आहेत. सही झाली की तो हेच चित्र पिशव्यांवर, मोबाइलच्या कव्हरवर, कशावरही छापायला मोकळा. आणि उद्या तुम्ही स्वतः छापलंत तर नोटीस तुम्हाला येईल. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकणारा हक्क आहे हा. पाच हजारांना तो विकायचा नाही.

नोंदणीची चिंता सोडा. चित्र काढून झालं त्या क्षणीच कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, त्यामुळे अर्ज आता करून ठेवा, पण त्यासाठी पुढचं काही अडवून धरू नका.

आता विठोबाचं. विटेवर उभं राहणं, कमरेवरचे हात, मकरकुंडलं, तुळशीहार यांवर कोणाचाच हक्क नाही आणि नसावा. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या रूपात उतरली त्या रूपाला देतो. तुमच्या चित्रात पीतांबराच्या निऱ्या खाली येता येता दिंडीच्या रांगा होतात, शेवटच्या निरीत एक बाई डोक्यावर तुळस घेऊन चालली आहे. ते रूप तुमचं. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे करून पाहिले. तुमच्या मूळ चित्रात डाव्या कुंडलाची रेघ जरा सुटून गालावर आली आहे, बहुधा पेन घसरलं असावं. टी-शर्टवरही ती रेघ तशीच, तेवढीच सुटलेली. आणि विटेखाली उजवीकडे सही पुसली आहे तिथे शेवटच्या अक्षराची वेलांटी राहून गेली आहे. स्वतंत्रपणे विठ्ठल काढणाऱ्याच्या हातून या दोन गोष्टी होत नाहीत.

ही पुसलेली सही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिलं कारण, 'कोणाचं आहे माहीत नव्हतं' हा बचाव तिने पडतो. अजाणतेपणी नक्कल केली असं प्रतिवादीने सिद्ध केलं तर कलम ५५ खाली नुकसानभरपाईऐवजी मनाई हुकूम आणि नफ्याचा सगळा किंवा काही भाग एवढ्यावरच भागू शकतं. सही पुसणारा अजाण कसा? दुसरं, कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क कलावंताकडे कायम राहतो, बाकीचे हक्क विकल्यानंतरही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगलांना परत करायला लावले आणि ५ लाखांची भरपाई दिली.

आता कामाला लागा, पण याच क्रमाने. आधी पुरावा, मग तक्रार. उलट केलंत तर तो पान उतरवेल आणि तुमच्या हाती काही राहणार नाही. आजच तो टी-शर्ट विकत घ्या. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, बिल जपा; बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर खरं नाव-पत्ता हाती लागतो. शिवाय खरेदी केली की तुम्ही ग्राहक झालात, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांखाली त्या साइटकडे विक्रेत्याचा तपशील लेखी मागू शकता. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट पूर्ण लिंक, तारीख, वेळ दिसतील असे घ्या, कातरू नका. मूळ लेयरची फाइल, कच्चं स्केच, इन्स्टाग्रामची पहिली पोस्ट, त्याच्याशी झालेलं चॅट, सगळं जसंच्या तसं ठेवा. टॅब्लेट रीसेट करू नका, विकू नका. न्यायालयात या पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करून घेतील.

मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ग) आणि त्याखालच्या २०१३ च्या नियमांनुसार रीतसर तक्रारीवर ३६ तासांत ते पान बंद व्हायला हवं. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून तक्रारीच्या दिवशीच वकिलाची नोटीसही जाऊ द्या.

पोलिसांनी सांगितलं ते चूक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. ठाण्यात नाही म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. तरीही माझा अनुभव असा की चित्र थांबवण्याचं काम दिवाणी मनाई हुकमाने लवकर होतं. त्यासाठी त्याच्या गावी जायला नको. कलम ६२ मुळे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातच दावा चालतो. खर्चाने घाबरू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा.

एक गोष्ट मात्र तपासून कळवा. पत्रात ओझरतं लिहिलंय की तुम्ही हे चित्र कापडी पिशव्यांवर छापून विकलं होतं. किती पिशव्या? डिझाइन कायद्याखाली (ही नोंदणी कॉपीराइटच्या नोंदणीहून वेगळी) नोंदणी न केलेलं डिझाइन मालकाच्या संमतीने ५० हून जास्त वस्तूंवर यांत्रिक पद्धतीने छापलं गेलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्यातला कॉपीराइट संपतो, आणि समोरचा वकील हा मुद्दा नक्की काढणार. स्वतंत्र कलाकृती म्हणून काढलेल्या चित्राला हे लागू नाही, असा युक्तिवाद आपल्याला करता येतो आणि तो भक्कम आहे, पण खरा आकडा आधी मला कळायला हवा. यापुढे खास वस्तूंसाठी काही काढलंत तर इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी डिझाइन कायद्याखाली अर्ज करा. प्रसिद्ध झाल्यावर ती वाट बंद होते.

'चोर' लिहिलेली पोस्ट आज उतरवा, अब्रुनुकसानीचं निमित्त त्याला देऊ नका. त्या जागी दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, खाली तुमच्या पहिल्या पोस्टची तारीख लिहा. बाकी लोक बघतील.

आणि टी-शर्ट हातात आला, पुरावा जमला, की त्याला उत्तर एवढंच पाठवा : 'हे चित्र माझं आहे. तुमचा कागद आणि रक्कम मला मान्य नाही. विक्री ताबडतोब थांबवा आणि आजवर किती टी-शर्ट विकले त्याचा हिशेब ७ दिवसांत लेखी द्या.' त्यानंतर त्याचा फोन आला तर घेऊ नका, जे काही असेल ते लिहून पाठवायला सांगा.