४३,९९९ ला गेमिंग पीसीचं बंडल मिळतंय, २९ टक्के ऑफ, घेऊ का?

भावा, आहे तसं घेऊ नको. फसवताहेत असं नाही म्हणत मी, त्यातला एकेक भाग खरा आहे, पण ते भाग एकमेकांना धरून नाहीत आणि तुला जे करायचंय त्याला तर अजिबातच धरून नाहीत.

तुझा प्रश्न लांब होता म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रायझन ५ ५५०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची डिस्क), आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा पॉवर सप्लाय म्हणजे पीएसयू (कंपनीचं नाव नाही लिहिलंस, म्हणजे मी समजायचं ते समजलो) आणि रंगीत दिव्यांच्या चार आरजीबी फॅनचं काचेचं कॅबिनेट. ६१,९९९ खोडून ४३,९९९. मॉनिटर घरात आहे, १०८०पी. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय, रेकॉर्ड करून मराठीतनं यूट्यूबवर टाकायचंय, आणि वडिलांनी ४५ हजाराच्या वर एक रुपया मिळणार नाही म्हणून सांगितलंय.

पहिलं म्हणजे ते ६१,९९९ डोक्यातनं काढून टाक. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर कुणी पाचशे सांगितले आणि आपण दोनशेला आणलं तर घरी येऊन तीनशे वाचवले म्हणून कोण सांगत बसतं का, उलट आई विचारते दीडशेला का नाही मागितलास. तसंच हे. एका कागदावर सातही भाग लिही आणि प्रत्येकासमोर तो सुटा आज कितीला मिळतोय ते लिही, दोन ऑनलाइन आणि एक नवी पेठेतल्या दुकानातला भाव, आणि बेरीज मार. समज बेरीज ४६ हजार आली, तर तुझी बचत दोन हजार झाली, १८ हजार नाही.

आता त्याच कागदावर दुसरं काम कर, आणि हे बहुतेक लोक करत नाहीत. जो भाग वर्षभरात काढून टाकावा लागेल असं वाटतंय त्याची किंमत शून्य धर. अर्धी नाही, शून्यच, कारण तो पुढं सहज विकला जात नाही आणि त्याच्या जागी परत पैसे घालावे लागतात. तुझ्या यादीत असे तीन भाग आहेत असं माझं मत आहे, कार्ड, पीएसयू आणि कॅबिनेट. ते शून्य धरून बेरीज बघ, मग कळेल की तू प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएसडी एवढ्यालाच ४३,९९९ देतोयस.

कार्डाचं नीट सांगतो कारण खरी गोम तिथंच आहे. कार्ड आणि प्रोसेसरमध्ये जो रस्ता असतो तो सोळापदरी असतो असं समज. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड त्यातले चारच पदर वापरतंय, बनवतानाच तसं बनवलंय. ह्या रस्त्याला पीसीआयई म्हणतात, तो ४.० पिढीचा असेल तर चार पदरातनंही सेकंदाला साधारण ८ जीबी माल जातो आणि गाडी कशीबशी चालते. पण रायझन ५ ५५०० हा पीसीआयई ३.० वाला आहे, आणि ए५२० बोर्डही ३.० वालंच, म्हणजे माल निम्म्यावर आला, ४ जीबी. आता कार्डात मेमरी किती, तर ४ जीबी. नवीन गेममध्ये ती भरली की उरलेलं सगळं रॅममधनं ह्याच अरुंद रस्त्यानं ये-जा करतंय आणि स्क्रीन अडकत अडकत चालते. म्हणजे बघ, प्रोसेसर खोटा नाही, बोर्ड खोटं नाही, कार्डही खोटं नाही, पण तिघांना एकत्र बांधलं की तिसऱ्याचं निम्मं वाया. हे बंडल करणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, त्याला बहुतेक ती कार्डं संपवायची आहेत.

आणि तुझ्यासाठी अजून एक. ह्या कार्डात व्हिडिओ रेकॉर्ड करायचा हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा वेगळा भाग, तोच नाही. ५५०० मध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे तिकडंही एन्कोडर नाही. मग रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर, आणि व्हॅलोरंट हा गेम मुळातच कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त खाणारा. तू मॅच खेळत असताना ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू केलंस की एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, खाली. फक्त खेळायचं असतं तर मी म्हणलो असतो जाऊ दे, व्हॅलोरंट कशावरही पळतंय, पण तुझं चॅनेलचं स्वप्न आणि हे कार्ड ह्यांचं जमणार नाही.

आता पीएसयू. इथं मी स्वतः पोळलोय म्हणून जरा लांब लिहितो.

२०२१ मध्ये कार्डांचा दुष्काळ होता, तुला आठवत असेल नसेल. एकीकडं क्रिप्टो मायनिंगवाले उचलत होते, दुसरीकडं चिपांचाच तुटवडा. सुटं कार्ड मागितलं की दुकानदार नुसता हसायचा, कार्ड पाहिजे तर सोबत बोर्ड, पीएसयू, कॅबिनेट सगळं घ्या. मी घेतलं. जीटीएक्स १६६० सुपर, रायझन ५ ३६०० आणि एक पीएसयू ज्याच्या खोक्यावर ५०० वॅट असं एवढ्या मोठ्या अक्षरात. हिवाळाभर मस्त चाललं. मग एप्रिल आला. आम्ही पूर्व भागात राहतो, माझी खोली वरची, पत्र्याची, बाहेर ४२-४३ डिग्री म्हणजे आत किती ते तूच समज. गेम चालू करून दहा मिनिटं झाली की पीसी पटकन बंद आणि आपोआप परत चालू. विंडोज तीनदा टाकली. रॅम काढून खोडरबरानं पुसून परत लावली. शेवटी कार्डावर संशय आला, वॉरंटीसाठी पुण्याला पाठवलं, तीन आठवडे नुसता बसून राहिलो आणि कार्ड परत आलं, सोबत चिठ्ठी, फॉल्ट सापडला नाही.

मग आमच्या गल्लीत एक मामा आहेत, यंत्रमागाच्या मोटारी बांधायचं काम करतात, कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नाही. ते सहज वर आले होते, मी डब्बा उघडून बसलो होतो. म्हणाले, "का रे, वॅट सोड, अँपिअर किती लिहिलंय त्याच्यावर?" मी तोपर्यंत ते स्टिकर वाचलंच नव्हतं. १२ व्होल्टच्या खाली लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा सोळं एकशे ब्याण्णव. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळा करंट १२ व्होल्टवरनंच ओढतात, कार्ड एकटं १२५ वॅटचं, प्रोसेसर जोर लावला की ८८ पर्यंत जातो, झाले २१३, फॅन आणि बाकीचं वेगळंच. खोक्यावरचे ५०० कुठनं आले ते त्या कंपनीलाच माहीत. हिवाळ्यात कसंतरी ओढून नेलं, उन्हाळ्यात दम तुटला. पीएसयू बदलला आणि तोच पीसी आजही चालतोय.

म्हणून तुझ्या बंडलमधल्या पीएसयूचं स्टिकर बघितल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकू नको. १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२, तेच खरे वॅट. चांगल्या ५५० वॅटवाल्यावर तिथं ४० च्या पुढं आकडा असतो. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) लिहिलेलं आणि नाव ऐकलेल्या कंपनीचं असेल तर ठीक. आपल्याकडं व्होल्टेज वर-खाली होतंय, लाईट जाते-येते, सगळ्यात जास्त मार पीएसयूच खातो आणि हलका असला तर मरताना दुसऱ्याला घेऊन मरतो.

रॅमबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांसाठी मागणी एवढी वाढली की मेमरी कंपन्यांनी माल तिकडं वळवला आणि आपल्यासारख्यांना महाग पडायला लागलं. एसएसडीचंही तेच. त्यामुळं ह्या बंडलमध्ये खरा पैसा कुठं असेल तर तो रॅम आणि एसएसडीत आहे, आणि दुकानदाराकडं जुन्या भावातला माल असेल तर तेवढ्यापुरतं बंडल फायद्याचं पडूही शकतं. फक्त एक स्टिक नको, ८-८ च्या दोन माग. एकच लावली की प्रोसेसर एकाच हातानं जेवतोय असं होतं, दोन लावल्या की ड्युअल चॅनेल, गेममध्ये फरक दिसतो. स्पीड ३२०० पाहिजे, २६६६ देत असेल तर भाव कमी कर म्हणायचं. एसएसडी एनव्हीएमई (वेगवान) आहे का साटा (हळू) हेही विचार, नुसतं ५१२ जीबी एसएसडी लिहिलेलं असलं की साटाही निघू शकते, आणि जीटीए एकटाच १०० जीबीच्या वर खातो हे लक्षात ठेव.

कॅबिनेटचं जास्त बोलत नाही. पुढं पूर्ण काच म्हणजे हवा आत कुठनं जाणार? सोलापुरात जाळीचं घ्यायचं. यंत्रमागाच्या आसपास घर असेल तर जाळीला फिल्टर असलेलं, नाहीतर सुताची धूळ महिन्याभरात हीटसिंकवर चादर विणती.

चादरीवरनं आठवलं, सोलापुरी चादर म्हणून पानिपतची चादर खपवतात हे आपल्याला कुणी सांगायला नको, हातात धरली की वजनावरनं कळतंय. कार्डांचंही तसंच असतं, नाव एक आणि माल दुसरा. आरएक्स ५८० म्हणून २०४८एसपी वालं देतात, ते खरं तर ५७० च्या बरोबरीचं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी आणि ८ जीबी ह्यात फक्त मेमरीचा फरक नाही, ६ जीबीवाल्यात कोअरही कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद. दुकानदार बदलून देतो म्हणाला तर पूर्ण नाव वाचून घे. आणि कुणी झिऑनवालं (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) बंडल दाखवलं, आठ कोअर, १६ थ्रेड, आय७ पेक्षा भारी वगैरे, तर नमस्कार करून बाहेर पड. तो २०१३-१४ च्या आसपासचा सर्व्हरचा माल असतो, विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी लागतात.

मग करायचं काय. ऑनलाइन बंडल असेल तर सोड, तिथं अदलाबदल होत नाही. दुकानातलं असेल तर बंडल फोडायला सांग. मी असतो तर म्हणलो असतो, कार्ड, पीएसयू आणि कॅबिनेट काढा, ५५०० च्या जागी ५६००जी द्या, रॅम दोन स्टिकची करा, ह्याचे किती? उरलेल्या पैशात ५५० वॅटचा चांगला पीएसयू आणि साधं जाळीचं कॅबिनेट. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंट १०८०पी ला सेटिंग कमी ठेवून आरामात चालतो, जीटीए ५ पण चालतो, आणि त्याच्यात एन्कोडर असल्यामुळं रेकॉर्डिंगही होतं. कार्ड नंतर घ्यायचं, सहा महिन्यांनी, वर्षानं, आरएक्स ६६०० सारखं. तेही ३.० वर बसेल पण त्याला आठ पदर आहेत आणि ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळं एवढं झोंबत नाही. मित्र हसतील, कार्डाशिवाय कसला गेमिंग पीसी म्हणून. हसू दे.

कार्ड आत्ताच पाहिजे असा हट्ट असेल तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी बसतंय का बघ. फार वेगवान नाही, पण ७० वॅटमध्ये भागतं, एन्कोडर चांगला आहे. ४५ हजारात सगळं बसवायला मग कुठंतरी कात्री लावावी लागेल. पीएसयूला लावू नको, एसएसडीला लाव.

एएम४ (५५०० बसतो तो बोर्डावरचा सॉकेट) जुनं झालं, नवं एएम५ घे असंही कुणीतरी खाली लिहिलंय. बरोबर आहे, एएम५ ला पुढं नवे प्रोसेसर येत राहणार. पण त्याला नवी डीडीआर५ रॅमच लागते आणि आजच्या रॅमच्या भावात तुझं बजेट तिथंच संपतंय.

बिल घेताना 'गेमिंग कॉम्बो १ नग' असं एका ओळीत घेऊ नको. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, सिरीयल नंबरासकट, जीएसटी बिल. वॉरंटी भागाची असते, बंडलची नसते, आणि वर्षानं कार्ड किंवा बोर्ड पुण्याला पाठवायची वेळ आली की ती एक ओळ घेऊन कुणी दारात उभं करत नाही. प्रोसेसर खोक्यातला घे, ट्रे वाला म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकतात तो नको. आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणत असतील तर रोख किती ते आधी विचार, बऱ्याचदा रोखीची सूट ईएमआयला मिळत नाही आणि व्याजावरचा जीएसटी बँक वेगळा लावते.

बोर्ड दुकानातच चालू करून बघ, जुना स्टॉक असला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुना असतो आणि नव्या प्रोसेसरवर डिस्प्ले येत नाही, ते अपडेट त्यांच्याकडनंच करून घ्यायचं. आणि पीएसयूच्या स्टिकरचा फोटो काढून इथंच खाली टाक, अँपिअरचा कॉलम दिसेल असा, मी रात्री बघून सांगतो.